सशुल्क फँटसी स्पर्धांची प्रमोशन्स: अमेरिकी कायद्यातून नवख्यांनी कसे जावे

स्पर्धा आणि तिचे प्रमोशन या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश शुल्क घेऊन चालवलेली फँटसी स्पर्धा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या सामन्यांतील आकडेवारीवर गुण मिळवण्याची स्पर्धा, एखाद्या राज्यात पूर्णपणे कायदेशीर असू शकते आणि तरीही तिला जोडलेली लकी ड्रॉची साधी ऑफर त्याच राज्यात बेकायदा लॉटरी ठरू शकते. अशा कंपनीच्या मार्केटिंग विभागात नव्याने रुजू झालेल्यांसाठी किंवा स्वतःचे छोटे अ‍ॅप सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विचार केला आहे तो अमेरिकेतील कायद्याचा. तिथे संघराज्याचा एक आणि राज्यांचे अनेक असे कायद्याचे थर एकमेकांवर बसलेले असल्याने नवखा माणूस नेमका तिथेच अडखळतो.

भारतातील वाचकाने एक गोष्ट आधीच पक्की करून घ्यावी. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट निषिद्ध ठरवले आहेत. अशा खेळांची जाहिरात हा त्या कायद्यात वेगळा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. त्यामुळे भारतातील लोकांना उद्देशून सशुल्क फँटसी स्पर्धेची ऑफर काढण्याचा प्रश्नच उरत नाही. भारतात राहून परदेशी कंपनीसाठी हे काम करणाऱ्यांनीही पहिला सल्ला इथल्या वकिलाचाच घ्यावा.

पहिली पायरी: ऑफर कोणत्या राज्यांत दिसणार ते ठरवा

ऑफरची कल्पना सुचली की बहुतेक जण आधी बॅनर बनवायला घेतात. त्याआधी राज्यांची यादी बनवावी. अमेरिकेत सशुल्क फँटसी स्पर्धांना परवानगी देणारा किंवा त्यांना बंदी घालणारा असा एकच देशव्यापी कायदा नाही. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्या नियमित केल्या, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, २०२२ मध्ये तो कायदा राज्यघटनेशी सुसंगत असल्याचा निकाल अगदी थोड्या बहुमताने दिला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन स्पर्धकांमधील दैनंदिन फँटसी सामन्याला कौशल्याची स्पर्धा मानले. नेवाडाने मात्र २०१५ मध्येच हा जुगार आहे आणि त्यासाठी जुगाराचा परवाना लागेल, अशी भूमिका घेतली. वॉशिंग्टन राज्यात सशुल्क स्पर्धा बेकायदा मानल्या जातात. लुइझियानात तर २०१८ च्या मतदानात ६४ पैकी ४७ पॅरिशनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, होकार दिला आणि उरलेल्यांनी नकार, त्यामुळे एकाच राज्यात रस्त्याच्या अलीकडे ऑफर चालते आणि पलीकडे चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, जुलै २०२५ मध्ये अशा स्पर्धा राज्याच्या कायद्यात बसत नाहीत असे लेखी मत दिले. असे मत न्यायालयाच्या निकालासारखे बंधनकारक नसते, पण त्याकडे काणाडोळा करून तिथे मोठी मोहीम काढणे शहाणपणाचे नाही.

इथे पत्ता पाहून भागत नाही. स्पर्धक प्रवेश घेताना प्रत्यक्ष कुठे आहे हे महत्त्वाचे असते, म्हणून ऑफर स्वीकारण्याच्या क्षणी त्याचे स्थान तपासणारी यंत्रणा लागते. वयाची अटही राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये ती १८ वर्षे आहे, अलाबामात १९ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २१. सर्व राज्यांसाठी एकच ऑफर काढायची असेल तर सर्वांत कडक अट सर्वांना लावणे हाच सोपा मार्ग आहे. थोडे स्पर्धक हातचे जातात, पण जाहिरातीतली बारीक अक्षरे निम्म्याने कमी होतात.

दुसरी पायरी: २००६ च्या तीन कसोट्यांवर ऑफर घासून पाहा

बेकायदा इंटरनेट जुगाराच्या पैशांच्या व्यवहारांना आळा घालण्यासाठी संघराज्याने २००६ मध्ये जो कायदा केला, त्याच्या पैज या शब्दाच्या व्याख्येतून फँटसी स्पर्धा वगळल्या आहेत. ही सूट सशर्त आहे. बक्षिसे आधीच ठरवून स्पर्धकांना कळवलेली असावीत आणि त्यांचे मूल्य स्पर्धकांच्या संख्येवर किंवा त्यांनी भरलेल्या शुल्काच्या रकमेवर अवलंबून नसावे, ही पहिली अट. निकालात स्पर्धकांचे ज्ञान आणि कौशल्य उतरलेले असावे आणि तो प्रामुख्याने अनेक प्रत्यक्ष सामन्यांतील खेळाडूंच्या एकत्रित आकडेवारीवर ठरावा, ही दुसरी. एखाद्या सामन्याचा स्कोअर, एकाच संघाची कामगिरी किंवा केवळ एका खेळाडूची एकाच सामन्यातील कामगिरी यावर निकाल लागू नये, ही तिसरी. या सुटीमुळे स्पर्धा राज्याच्या कायद्यातून सुटत नाही, हे विसरता कामा नये. तरीही अनेक राज्यांनी आपल्या कायद्यात जवळजवळ हेच शब्द उचलले आहेत, म्हणून ही कसोटी दुप्पट कामाची ठरते.

मार्केटिंगवाले या अटी मोडतात त्या नकळत. "जितके जास्त मित्र आणाल तितकी बक्षिसाची रक्कम मोठी" ही ओळ ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण ती पहिल्या अटीवरच उलटते, कारण बक्षीस स्पर्धकांच्या संख्येला बांधले गेले. याच कारणाने मोठ्या कंपन्या गॅरंटीड प्राइझ पूल जाहीर करतात. १०,००० डॉलर सांगितले की प्रवेश कमी आले तरी १०,००० द्यायचे आणि तूट कंपनीने सोसायची. धंद्याच्या भाषेत या तुटीला ओव्हरले म्हणतात. ज्याला ओव्हरले परवडत नाही त्याने गॅरंटी हा शब्द वापरू नये. किमान प्रवेश न आल्यास स्पर्धा रद्द करून शुल्क परत करायचे असेल, तर तो आकडा प्रवेश घेण्याआधीच दिसला पाहिजे.

तिसऱ्या अटीवर आणखी एक लोकप्रिय कल्पना अडकते: अमुक खेळाडूने आज पहिला टचडाऊन (अमेरिकन फुटबॉलमधला गोल) केला तर सर्वांचे शुल्क परत. स्पर्धेचा निकाल यात बदलत नाही हे खरे, पण स्पर्धकाच्या हाती पैसा येतो तो एका खेळाडूच्या एका कृतीवर, आणि नियामकाला त्यात क्रीडा सट्टा दिसू शकतो. माझ्या मते नवख्याने अशी ऑफर काढूच नये. परतावा द्यायचाच असेल तर तो नव्या सदस्याच्या पहिल्या प्रवेशावर, निकाल काहीही लागो, सरळ द्यावा.

तिसरी पायरी: बक्षीस, नशीब आणि मोबदला

अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक राज्यात लॉटरीची ओळख तीन घटकांवरून पटवली जाते. काहीतरी बक्षीस आहे, ते नशिबाने मिळते आणि त्यासाठी स्पर्धकाने काही मोबदला दिला आहे. तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी, आणि खासगी लॉटरी चालवणे हा गुन्हा. फँटसी स्पर्धा या व्याख्येतून निसटते ती नशिबाच्या जागी कौशल्य असल्यामुळे; तिथे मोबदला, म्हणजे प्रवेश शुल्क, घेतलेला चालतो. सोडत निसटते ती मोबदला नसल्यामुळे. तिथे नशीब चालते. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच ऑफरमध्ये मिसळले की.

एक उदाहरण घेऊ. रविवारच्या पाच डॉलरच्या स्पर्धेत प्रवेश घेणाऱ्या सर्वांची नावे सोडतीत टाकली जातील आणि एका भाग्यवान विजेत्याला अंतिम सामन्याची दोन तिकिटे मिळतील, अशी ऑफर आहे. तिकिटे हे बक्षीस. नाव चिठ्ठीने निघणार, म्हणजे नशीब. सोडतीत नाव येण्यासाठी पाच डॉलर भरावे लागले, म्हणजे मोबदला. "शुल्क स्पर्धेचे होते, सोडत फुकट होती" हा बचाव बहुतेकांना सुचतो, पण पैसे न भरता सोडतीत शिरण्याचा दुसरा दरवाजाच नसेल तर तो टिकत नाही. पैसे जमा केल्यावर फिरवायला मिळणारे चक्र, प्रवेशानंतर उघडणारे स्क्रॅच कार्ड, ठरावीक शुल्क भरल्यावर मिळणारी गूढ भेट, या सगळ्यांची जात हीच.

उलट बाजूने नशीब कौशल्याच्या स्पर्धेत शिरते ते बरोबरी सोडवताना. दोन स्पर्धकांचे गुण समान झाले आणि नियमावलीत "विजेता सोडतीने ठरवला जाईल" असे लिहिले असेल, तर कौशल्याच्या स्पर्धेचा शेवट नशिबाने झाला. बक्षीस समान वाटून द्यावे किंवा आधीच जाहीर केलेला कौशल्याचा दुसरा निकष लावावा. अशी ओळ सहसा दुसऱ्याच कुठल्या तरी स्पर्धेच्या नियमावलीतून उचलून चिकटवलेली असते, म्हणून तिच्यावर कुणाचे लक्ष जात नाही.

चौथी पायरी: सोडत काढायचीच असेल तर

वरची तिकिटांची ऑफर वाचवता येते. त्यासाठी विनाशुल्क प्रवेशाची वाट द्यावी लागते: एखादा ऑनलाइन अर्ज किंवा पोस्टाने पाठवायचे कार्ड. नियमावलीत आणि प्रत्येक जाहिरातीत "खरेदी आवश्यक नाही, खरेदी केल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही" ही सूचना ठळक असावी, आणि ती केवळ लिहिलेली असून पुरत नाही, ती खरीही असावी लागते. पैसे भरणाऱ्याला वीस प्रवेशांची मर्यादा आणि फुकट येणाऱ्याला एकाचीच असेल, तर वाट नावापुरती राहिली. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत, एकाच मुदतीत, एकाच मर्यादेने पडल्या पाहिजेत. विनाशुल्क अर्जाची लिंक सात पानांच्या नियमावलीच्या तळाशी लपवणे हेही तसेच धोक्याचे.

बक्षिसांचे एकूण मूल्य ५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर दोन राज्ये वेगळी नोंदणी मागतात. न्यूयॉर्कमध्ये सोडत सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी आणि फ्लोरिडात किमान ७ दिवस आधी कागदपत्रे दाखल करावी लागतात. बक्षिसांच्या रकमेइतका हमी बाँड द्यावा लागतो किंवा तेवढी रक्कम विश्वस्त खात्यात ठेवावी लागते. सोडत संपल्यावर विजेत्यांची यादीही देणे असते, फ्लोरिडात ६० आणि न्यूयॉर्कमध्ये ९० दिवसांच्या आत. नवख्यांची फजिती होते ती या ३० दिवसांमुळे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यासाठी ऑफर हवी असते आणि कल्पना सुचते ती दोन आठवडे आधी. अशा वेळी एकूण बक्षीस ५,००० डॉलरच्या आत ठेवणे किंवा ती दोन राज्ये वगळणे, एवढेच पर्याय उरतात, आणि न्यूयॉर्क वगळायला कोणी सहसा तयार होत नाही.

पाचवी पायरी: बोनसचा हिशेब आधी स्वतः करून पाहा

सर्वाधिक तक्रारी येतात त्या डिपॉझिट बोनसच्या. जाहिरात म्हणते, "जितके जमा कराल तितकेच आमच्याकडून, ६०० डॉलरपर्यंत." स्पर्धक ६०० भरतो आणि खात्यात १,२०० दिसतील अशी वाट पाहतो. प्रत्यक्षात बोनस हप्त्याहप्त्याने खुला होणार असतो, समजा भरलेल्या शुल्काच्या ४ टक्के दराने. याचा अर्थ पूर्ण ६०० डॉलर हाती येण्यासाठी त्याला १५,००० डॉलर शुल्काच्या स्पर्धा खेळाव्या लागतील, आणि त्याही मुदतीच्या आत. हा गुणाकार ऑफर लिहिणाऱ्याने स्वतः कागदावर मांडावा आणि येणारा आकडा जाहिरातीशेजारी छापायला लाज वाटत असेल तर ऑफरच बदलावी.

ही भीती पुस्तकी नाही. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलनी फसव्या जाहिरातींवरून केलेल्या कारवाईत ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल या दोन मोठ्या कंपन्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रत्येकी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. सामान्य स्पर्धक किती सहज जिंकू शकतो याचे रंगवलेले चित्र हा त्या वादाचा गाभा होता. जिंकण्याचे दावे करताना हे लक्षात ठेवावे की बक्षिसांचा मोठा वाटा मोजक्या मुरलेल्या स्पर्धकांकडे जात असेल, तर एका विजेत्याचा हसरा फोटो आणि धनादेश दाखवून "तुम्हीही जिंकू शकता" म्हणणे दिशाभूल ठरू शकते. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क यांनी १,००० हून जास्त स्पर्धा खेळलेल्यांना अनुभवी म्हणून वेगळी खूण लावण्याचा नियम केला तो याच चिंतेतून.

"मोफत" आणि "जोखीममुक्त" या शब्दांना हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ओहायोच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाने २०२३ मध्ये क्रीडा सट्टा कंपन्यांवर अशाच शब्दांवरून दंडाची कारवाई केली. तो नियम सट्ट्याच्या जाहिरातींचा असला तरी फँटसी स्पर्धांवर देखरेख करणारा आयोगही तोच आहे. परतावा रोख न मिळता प्रवेश तिकिटाच्या रूपाने मिळणार असेल, तर ती ऑफर जोखीममुक्त नाही. बोनसची शिल्लक आणि काढता येणारी रोख शिल्लक खात्यात वेगवेगळी दिसावी. स्पर्धकांचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या पैशांपासून वेगळे ठेवण्याचे बंधन अनेक राज्यांत आहे, आणि बोनस देण्यासाठी त्या वेगळ्या खात्यात हात घालता येत नाही.

सहावी पायरी: ऑफर लोकांपर्यंत कशी पोहोचते

जाहिरातीच्या प्रत्येक वाटेचा आपला कायदा आहे. ईमेलसाठी २००३ चा कॅन-स्पॅम कायदा: विषयाची ओळ दिशाभूल करणारी नसावी, कंपनीचा टपालाचा पत्ता द्यावा, आणि कोणी नाव काढायला सांगितल्यास १० कामकाजाच्या दिवसांत ते काढावे. मोबाइलवरच्या प्रचारकी संदेशांसाठी १९९१ चा दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायदा अधिक कडक आहे. तिथे ग्राहकाची आगाऊ लेखी संमती लागते आणि ती नसेल तर प्रत्येक संदेशामागे ५०० ते १,५०० डॉलरची भरपाई मागता येते. एक लाख संदेशांचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. मित्राला आणा, बोनस मिळवा या योजनेत तर दुहेरी सापळा असतो, कारण बक्षिसाचे आमिष दाखवून सदस्याला ईमेल पाठवायला लावले की तो ईमेल कंपनीनेच पाठवला असे धरले जाऊ शकते. सदस्याला केवळ एक लिंक द्यावी आणि ती तो कुणाला पाठवतो हे त्याच्यावर सोडावे, हे त्यातल्या त्यात सुरक्षित. तरी संदेश कंपनीच्या यंत्रणेतून जाऊ देऊ नये.

इन्फ्लुएन्सरला पैसे, फुकट प्रवेश किंवा कमिशन दिले असेल तर ते त्याने त्याच पोस्टमध्ये, सहज दिसेल असे सांगितले पाहिजे. फेडरल ट्रेड कमिशन या संघराज्याच्या ग्राहक संरक्षण संस्थेची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये सुधारली गेली. "अधिक वाचा" दाबल्यावर दिसणारा किंवा वीस हॅशटॅगांत बुडालेला उल्लेख पुरेसा मानला जात नाही. त्याने सांगितलेल्या खोट्या दाव्याची जबाबदारी कंपनीवरही येते, म्हणून त्याला आधी मजकूर द्यावा आणि नंतर पोस्ट तपासावी.

मॅसॅच्युसेट्सच्या २०१६ च्या नियमावलीत शाळा-महाविद्यालयांच्या आवारात जाहिरात करायला आणि जाहिरातीत विद्यार्थी दाखवायला मनाई आहे. ज्यांनी स्वतःहून आपले खाते बंद करून घेतले आहे, त्यांची नावे प्रत्येक मोहिमेच्या यादीतून आदल्या दिवशी वगळावीत. महिन्यापूर्वी काढलेली यादी चालत नाही.

सातवी पायरी: नावे, फोटो आणि चिन्हे

स्पर्धेच्या आत खेळाडूंची नावे आणि आकडेवारी वापरण्याला न्यायालयांनी मोकळीक दिली आहे. आठव्या सर्किट न्यायालयाचा (संघराज्याच्या एका अपील न्यायालयाचा) २००७ चा आणि इंडियाना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्याच बाजूचे आहेत. ही मोकळीक जाहिरातीला आपोआप लागू होते असे मात्र धरू नये. खेळाडूचा मोठा फोटो आणि शेजारी बोनसचा आकडा पाहून त्याने कंपनीची शिफारस केली असे वाटत असेल, तर करार लागतो. संघांची चिन्हे आणि मोठ्या सामन्यांची नोंदणीकृत नावे परवानगीविना बॅनरवर टाकू नयेत. तिकिटे बक्षीस म्हणून देताना तिकिटाच्या मागे छापलेली अट वाचावी. अनेक तिकिटांवर ती सोडतीत देण्यास मनाई असते.

आठवी पायरी: नियमावली, नोंदी आणि कर

नियमावलीत आयोजकाचे नाव, पात्र राज्ये, वय, सुरुवात आणि शेवट, प्रवेशाच्या सर्व वाटा, बक्षिसे व त्यांची किंमत, विजेता निवडण्याची आणि कळवण्याची पद्धत एवढे तरी असावे. मुदत लिहिताना "रविवारी रात्री १२ पर्यंत" असे मोघम लिहू नये. रविवार सुरू होतानाची रात्र की संपतानाची, आणि न्यूयॉर्कची वेळ की कॅलिफोर्नियाची? "रविवार, रात्री ११:५९, ईस्टर्न टाइम" असे लिहिले की वाद मिटतो. कर्मचारी आणि त्यांच्या घरातील माणसे अपात्र असल्याचे स्पष्ट लिहावे. २०१५ मध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्पर्धेत साडेतीन लाख डॉलर जिंकल्यावर या व्यवसायावर जी चौकशी कोसळली, तेव्हापासून नियामक ही ओळ आवर्जून शोधतात.

ऑफर सुरू झाल्यावर पहिला प्रवेश आला की नियम बदलू नयेत. चूक सापडली तर ऑफर थांबवून आधी आलेल्यांना दिलेले वचन पाळावे. बॅनर, ईमेल आणि नियमावली यांची प्रत्येक आवृत्ती तारखेसह जपून ठेवावी, कारण तक्रार येते ती पान बदलून गेल्यावर.

रोख आणि वस्तुरूप बक्षिसे दोन्ही करपात्र उत्पन्न आहेत. २०२५ पर्यंत वर्षाला ६०० डॉलर किंवा अधिक देणाऱ्या आयोजकाला ती रक्कम कर खात्याला कळवणारा १०९९-मिस हा फॉर्म भरावा लागे. २०२५ च्या कर कायद्याने ही मर्यादा २०२६ पासूनच्या रकमांसाठी २,००० डॉलरवर नेली आहे. मर्यादा वाढली म्हणून स्पर्धकाचा कर माफ झाला असे नाही, आणि तसे सूचित करणारी ओळ जाहिरातीत नको. मोठ्या बक्षिसाच्या विजेत्याकडून त्याचे नाव आणि कर क्रमांक सांगणारा डब्ल्यू-९ हा फॉर्म बक्षीस देण्याआधी घ्यावा, नंतर तो मिळवणे जड जाते. तिकिटांसारख्या बक्षिसाची किंमत बाजारभावाने धरावी आणि ती विजेत्याला आधी सांगावी, म्हणजे कर भरण्याइतकी रोख हाताशी नसल्यास त्याला ते नाकारता येईल. आणि नाकारल्यास पुढचे नाव कसे निवडायचे, हेही नियमावलीत आधीच लिहिलेले असावे.